मतदार शहाणे होते, प्रश्न अर्धा होता

ब्रिटिश मतदारांनी 2016 च्या जूनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, त्याला दशक होत आलं. तरी त्यावरचा वाद अजून त्याच दोन खुंट्यांना टांगलेला आहे. पहिली खुंटी अशी की, असले गुंतागुंतीचे प्रश्न सामान्य माणसाला विचारूच नयेत. बसवर रंगवलेल्या थापेला भुलून लोकांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. दुसरी अशी की, लोकांनी निकाल दिला, विषय संपला, आता जो कोणी त्यावर तोंड उघडेल तो लोकशाहीचा वैरी. आपल्याकडे ब्रेक्झिटचं नाव निघतं ते बहुधा पहिल्या खुंटीवरून. कुठे सार्वमताची मागणी झाली की कोणीतरी शहाजोगपणे विचारतो, ‘ब्रिटनचं काय झालं पाहिलंत ना?’ पाहिलं. पण जे झालं त्याचं खापर ज्यांच्या डोक्यावर फोडलं जातं, ती डोकी चुकीची आहेत. माझ्या मते त्या देशातले सामान्य मतदार असा निर्णय घ्यायला पुरेसे समर्थ होते. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्नच अर्धा होता. ब्रिटनने संघाचा सदस्य राहावं की संघ सोडावा, एवढंच मतपत्रिकेवर विचारलं होतं. राहणं म्हणजे काय हे चाळीसहून अधिक वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. सोडून जायचं कुठे, हे एकाही सरकारी कागदावर लिहिलेलं नव्हतं.

सोडण्याच्या बाजूने 1 कोटी 74 लाख मतं पडली, राहण्याच्या बाजूने 1 कोटी 61 लाख. टक्केवारी 51.9 विरुद्ध 48.1, मतदान 72 टक्क्यांच्या वर. पण त्या 1 कोटी 74 लाखांना हवं काय होतं? लिंकनशरमधल्या बॉस्टन गावात चारांतल्या तिघांनी बाहेर पडायला मत दिलं. तिथल्या भाजीच्या शेतांवर पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांची संख्या झपाट्याने वाढली होती आणि स्थलांतर कमी व्हावं ही तिथली मुख्य मागणी होती. ग्रिम्स्बीसारख्या बंदरातल्या मच्छीमारांना आपला समुद्र परत हवा होता. लंडनमधल्या काही गुंतवणूकदारांना ब्रसेल्सचे नियम झुगारून सगळ्या जगाशी खुला व्यापार करायचा होता. आणि करी हाउसच्या मालकांना, जे बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे, आचारी हवे होते. तेव्हाच्या रोजगारमंत्री प्रीती पटेल त्यांना सांगत होत्या की, युरोपातून येणारी गर्दी थांबली की दक्षिण आशियातून आचारी आणणं सोपं होईल. म्हणजे बॉस्टनला बाहेरची माणसं कमी हवी होती, करी हाउसला जास्त हवी होती, आणि दोघांनी एकाच चौकोनात फुली मारली. यात मूर्खपणा कोणाचा? दोघांनीही आपापलं हित नीट ओळखलं होतं. दोघांना एकाच चौकोनाकडे बोट दाखवणाऱ्यांना मात्र हे दोन्ही एकत्र जमणार नाही हे कळायला हवं होतं. पुढे काय झालं? युरोपातून येणाऱ्यांची संख्या घटली आणि एकूण निव्वळ स्थलांतर 2023 साली 9 लाखांच्या वर गेलं, ब्रिटनच्या इतिहासातलं सर्वाधिक. त्यात भारतीय आघाडीवर होते. मग घाबरलेल्या सरकारने 2024 च्या एप्रिलमध्ये कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची अट 38,700 पौंडांवर नेली. कोणतं करी हाउस आचाऱ्याला एवढा पगार देणार? बॉस्टनची मागणी पुरी झाली नाही आणि करी हाउसचीही नाही.

‘बाहेर’ या एका शब्दात किती वाटा दडल्या होत्या ते ब्रिटिश संसदेनेच दाखवून दिलं. कौलानंतर पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांनी ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’ असं सांगत वाटाघाटी केल्या. 15 जानेवारी 2019 ला त्यांचा करार 432 विरुद्ध 202 मतांनी आपटला, आणि नंतर आणखी दोनदा. त्याच काळात, 27 मार्चला, खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मांडून एकेकावर मतदान केलं. करार न करता बाहेर पडणं, नॉर्वेसारखं युरोपच्या सामाईक बाजारात राहणं, फक्त जकात संघात राहणं, पुन्हा लोकांना विचारणं, असं सगळं त्यात होतं. आठांपैकी एकालाही बहुमत मिळालं नाही. हाताशी अधिकारी, अहवाल, कायदेतज्ज्ञ आणि पावणेतीन वर्षांचा अवधी असलेल्या 650 माणसांना जे ठरवता आलं नाही, ते सकाळी कामावर जाताना मतदान केंद्रात डोकावलेल्या नर्सने आणि ट्रकचालकाने एका फुलीत ठरवायला हवं होतं, असं म्हणायचंय का?

आता थापांकडे येऊ, कारण शहाण्यांच्या बैठकीत सगळ्यात जास्त चघळली जाते ती लाल बस. ‘युरोपला आपण आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो, त्याऐवजी ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ’, असा तिच्यावरच्या मजकुराचा आशय. आकडा खोटाच होता. मार्गारेट थॅचर यांनी 1984 साली युरोपच्या वर्गणीत भांडून मिळवलेली सूट त्यातून वजाच केलेली नव्हती, आणि ती रक्कम मुळात ब्रिटनबाहेर जातच नव्हती. पण थापा एकाच बाजूने मारल्या का? ब्रिटिश अर्थखात्याने मतदानाआधी सांगितलं होतं की, बाहेर पडण्याचा कौल लागताच मंदी येईल आणि बेकारी पाच लाखांनी वाढेल. कौल लागला. मंदी आली नाही आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बेकारी 1970 च्या दशकानंतरच्या नीचांकाला गेली. दीर्घकाळात नुकसान झालं हे खरं. अर्थसंकल्पावर नजर ठेवणारं त्यांचं स्वायत्त कार्यालय उत्पादकतेत सुमारे 4 टक्क्यांची घट धरून चालतं. पण ती झीज आहे. लोकांना घाबरवलं गेलं ते कडेलोटाचं चित्र दाखवून. ‘निवडणुकीत कुठे कमी थापा असतात?’ असं बाहेर पडणारे विचारतात, आणि हा त्यांचा बिनतोड मुद्दा आहे. फरक एवढाच की, निवडणुकीतली थाप मारणारा सत्तेवर येतो, थापेसकट पाच वर्षं लोकांसमोर राहतो आणि पाच वर्षांनी त्याला घरी पाठवता येतं. इथे वचन देणाऱ्यांची मोट वेगवेगळ्या पक्षांतून बांधलेली. निकालाच्याच सकाळी बाहेर पडण्याच्या बाजूचे एक प्रमुख नेते नायजेल फराज टीव्हीवर म्हणाले की, ते 35 कोटींचं वचन ही चूक होती. बस त्यांच्या गटाची नव्हती, हेही खरंच. मग कोणाची होती? ‘व्होट लीव्ह’ या दुसऱ्या गटाची. त्या गटाला निवडणूक लढवायची नव्हती, सरकार चालवायचं नव्हतं. निकालानंतर तो विसर्जित झाल्यासारखाच होता. आणि सत्तेवर असलेल्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी बाहेर पडण्याची तयारी करायला आपल्या खात्यांना सांगितलंच नव्हतं. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने नंतर त्याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. सरकारने त्याआधी 2 कोटी 70 लाख घरांत एक पुस्तिका पाठवली होती. त्यात राहण्याचे फायदे होते, आणि तुम्ही जो निर्णय घ्याल तो सरकार अमलात आणेल, असं वचन होतं. ज्याची तयारीच केली नाही ते अमलात आणण्याचं वचन! बसवरची थाप निदान ठळक अक्षरांत तरी होती.

याहून जड एक आक्षेप आहे आणि तो मराठी वाचकाला टाळता येणार नाही. स्वातंत्र्याचा हिशेब पौंडांत करायचा का? ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ असं टिळक म्हणाले तेव्हा त्यांना कोणी स्वराज्यानंतरच्या जकातीचा तक्ता मागितला असता तर आपण त्या मागणाऱ्याला काय म्हटलं असतं? मतदानाआधी न्यूकॅसलमध्ये एका सभेत प्राध्यापक आनंद मेनन सांगत होते की, बाहेर पडल्यास देशाचा जीडीपी घसरेल. श्रोत्यांतली एक बाई ओरडून म्हणाली, तो जीडीपी तुमचा, आमचा नव्हे. तिच्याजवळच्या संडरलंडने 61 टक्क्यांनी बाहेर पडायला मत दिलं. निसानचा कारखाना त्याच शहरात, त्यातल्या मोटारी युरोपात जाणाऱ्या. म्हणून लंडनमधल्या पंडितांनी कपाळावर हात मारला. पण त्याच शहरातल्या शेवटच्या जहाजगोद्या 1988 साली बंद पडल्या होत्या, तेव्हा ब्रिटन युरोपच्या संघटनेत होताच. वेअर नदीवर शेकडो वर्षं जहाजं बांधणाऱ्या घराण्यांना ‘तुमचं नुकसान होईल’ हे सांगायला आलेल्या माणसाकडे त्यांनी कशाला पाहावं? हे सगळं मला मान्य आहे, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. टिळकांचा दाखला मात्र इथे लागू पडत नाही. वेस्टमिन्स्टरच्या संसदेत हिंदुस्थानचा प्रतिनिधी बसत नव्हता. ब्रसेल्समध्ये ब्रिटनचे मंत्री बसत होते, स्ट्रासबर्गला ब्रिटिश जनतेने निवडलेले खासदार जात होते, करांपासून परराष्ट्र धोरणापर्यंत महत्त्वाच्या बाबतींत ब्रिटनला नकाराधिकार होता, युरो नाकारण्याची मुभा होती आणि निघून जाण्याचा हक्क करारात लिहिलेला होता. वसाहतीला निघून जाण्याचं कलम नसतं. शिवाय स्वाभिमानाचा प्रश्न असला तरी स्वाभिमानाने कुठे जायचं हे ठरवावं लागतंच. ‘पूर्ण स्वराज्य’ हा ठराव 1929 च्या डिसेंबरात झाला, पण त्याआधी आणि नंतर वसाहतीचं स्वराज्य की पूर्ण स्वातंत्र्य, राज्यघटना कोणी लिहायची, संस्थानांचं काय, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं डोकेफोड झालीच होती.

जाता जाता एक गंमत. त्या सार्वमतात मत कोणाला होतं? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातल्या नागरिकांना. म्हणजे पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर स्लाउला गेलेला, खिशात भारतीय पासपोर्ट असलेला इंजिनिअर यादीत नाव असलं की ब्रिटनने युरोपात राहावं की नाही हे ठरवू शकत होता. त्याच्या घराचं नळकाम करणारा, बारा वर्षं तिथे राहून कर भरणारा पोलिश माणूस ते ठरवू शकत नव्हता, आणि प्रश्न तर त्याच्या भवितव्याचा होता.

सामान्य माणसाला असा प्रश्न झेपतो की नाही, याचा पुरावा शोधायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. तो संघ सोडण्याबद्दल नव्हता; महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं, असा प्रश्न होता. दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने 1963 ची निवडणूक जिंकली होती आणि त्या विजयातच विलीनीकरणाचा कौल आला, असं त्या पक्षाचं म्हणणं होतं. विधानसभेत ठराव करा आणि मोकळे व्हा. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सने हे अडवलं. निवडणूक वेगळी, हा प्रश्न वेगळा, लोकांना थेट विचारा, असा त्यांचा आग्रह. शेवटी संसदेने कायदा केला, आणि मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. मतपत्रिकेवर फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. प्रचारात काय नव्हतं? कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, दारूबंदीचं काय, नोकऱ्या प्रतिनियुक्तीवर आलेल्या परक्यांना जाणार का, जमीनदार पुन्हा डोक्यावर बसतील का. जातीची आणि धर्माची फोडणी दोन्ही बाजूंनी यथेच्छ घातली गेली. मतदान 80 टक्क्यांच्या वर झालं. वेगळं राहण्याला 1,72,191 मतं, विलीनीकरणाला 1,38,170. आपल्या बाजूला हा पराभव फार जिव्हारी लागला. पण पुढची गोष्ट पाहा. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. तुमचा मुख्य कार्यक्रम नको, तुमचं सरकार मात्र हवं! कुळांची, बहुजनांच्या शाळांची काळजी घेणारा नेता कोण हे त्यांना ठाऊक होतं आणि गोव्याचं काय व्हावं हेही. इतका बारीक निवाडा बहुतेक पक्षांच्या कार्यकारिणीलाही जमत नाही.

गोव्यात हे जमलं, कारण दोन्ही पर्याय डोळ्यांना दिसत होते. महाराष्ट्र राज्य शेजारीच होतं: त्याचे कायदे, त्याचा कारभार, त्याची मुंबई, सगळं तपासून पाहता येत होतं. दुसऱ्या पर्यायात थोडी संदिग्धता होती हे कबूल. केंद्रशासित राहणाऱ्यांना लवकरच राज्याचा दर्जा मिळेल असं वाटत होतं आणि त्यासाठी 30 मे 1987 पर्यंत वाट पाहावी लागली. तरी दोन्ही पानं लिहिलेली होती.

प्रश्न पुरा कसा विचारावा हे ब्रिटनला माहीत नव्हतं असंही नाही. 1998 साली गुड फ्रायडे करारावर उत्तर आयर्लंडमध्ये मतदान झालं, तेव्हा कराराचा संपूर्ण मजकूर घरोघरी टपालाने पाठवला होता. तीस वर्षं एकमेकांवर बंदुका रोखलेल्या वस्त्यांतल्या लोकांनी तो वाचला आणि 71 टक्क्यांनी स्वीकारला. अठरा वर्षांनी त्याच उत्तर आयर्लंडच्या, युरोपीय संघात राहणाऱ्या आयर्लंडला लागून असलेल्या सरहद्दीचं काय होणार, हा प्रश्न ब्रेक्झिटच्या प्रचारात बाकीच्या ब्रिटनमध्ये जवळपास निघालाच नाही. मग 2021 साली इंग्लंडमधून बेलफास्टला जाणाऱ्या सॉसेजवर भांडण सुरू झालं. एकाच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणारं ताजं मांस युरोपीय नियमांत अडकत होतं. बॉस्टनच्या किंवा संडरलंडच्या मतदाराने फुली मारताना हे मागितलं होतं असं कोण म्हणेल?

काहींच्या मते उपाय सोपा आहे: अशा निर्णयाला साधं बहुमत पुरू नये, 60 टक्क्यांची किंवा दोन-तृतीयांशाची अट घालावी. मला हे पटत नाही. 1979 साली स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का, असं विचारलं तेव्हा एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी 40 टक्क्यांनी होकार द्यायला हवा अशी पाचर मारली होती. मतदान करणाऱ्यांत 51.6 टक्के ‘हो’ म्हणाले, पण नोंदलेल्यांच्या हिशेबात ते 33 टक्क्यांच्या आसपासच भरले. विधानसभा मिळाली नाही, आणि जिंकूनही हरवलं गेल्याची सल स्कॉटिश राजकारणात पुढची दोन दशकं राहिली. उंबरठा उंच केल्याने अर्धा प्रश्न पुरा होत नाही.

आता सगळ्यात बोचरा आक्षेप. करार ठरल्यावर पुन्हा विचारा, असं म्हटलं की समोरचा म्हणतो: म्हणजे हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं! यात दम आहे, आणि तो युरोपीय संघानेच पुरवलेला आहे. डेन्मार्कने 1992 साली संघाचा मास्ट्रिख्ट करार नाकारला, त्यांना 1993 ला पुन्हा विचारलं. आयर्लंडने नीस करार 2001 ला आणि लिस्बन करार 2008 ला नाकारला, दोन्ही वेळा सुमारे सोळा महिन्यांत फेरमतदान. फ्रान्स आणि नेदरलंड्सच्या मतदारांनी 2005 साली युरोपीय राज्यघटना फेटाळली, तर तिचा बराचसा गाभा लिस्बन करारात घालून संसदांकडून मंजूर करून घेतला. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी 2018-19 साली दुसऱ्या सार्वमताची मागणी ऐकून संतापावं, हे साहजिक होतं. हरल्यानंतर मागितलेली दुसरी फेरी ही रडीचा डाव वाटणारच. पण दोन फेऱ्या आधीच जाहीर केल्या तर? न्यूझीलंडने निवडणूक पद्धत बदलताना 1992 साली लोकांना विचारलं: बदल हवा का, आणि हवा तर चारांपैकी कोणता? मग 1993 साली जुनी पद्धत आणि निवडलेला पर्याय समोरासमोर ठेवले आणि अंतिम मत घेतलं. तिथे कोणी फसवणुकीची ओरड केली नाही. आणि हा विचार ब्रेक्झिटवाल्यांना परका होता असंही नाही. पुढे ब्रेक्झिट खात्याचे मंत्री झालेले डेव्हिड डेव्हिस 2002 साली संसदेत सांगत होते की, लोकांना कोऱ्या कागदावर मत द्यायला सांगून तपशील नंतर आम्ही भरू असं म्हणू नये. चौदा वर्षांनी कोरा कागदच पुढे आला, आणि तो भरायला बसवलं डेव्हिस यांनाच.

स्वित्झर्लंडमध्ये लोकांना सतत विचारलं जातं, म्हणून विचारण्याची शिस्तही कडक आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये, म्हणजे ब्रेक्झिटच्या चार महिने आधी, विवाहित जोडप्यांच्या करावर तिथे मतदान झालं आणि प्रस्ताव थोडक्यात पडला. कराचा जाच सोसणारी नोकरदार जोडपी 80 हजार आहेत, असं सरकारने सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती साडेचार लाखांहून अधिक निघाली. 2019 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच रद्द केलं. मतदार चुकला, असं न्यायालय म्हणालं नाही. मतदाराला दिलेला कागद चुकीचा होता, एवढंच म्हणालं.

हे सगळं आज पुन्हा उकरायचं कारण ब्रिटनमध्ये वारा फिरलेला दिसतो. बाहेर पडणं चूक होती, असं म्हणणाऱ्यांची संख्या गेली काही वर्षं चाचण्यांत सातत्याने जास्त आहे आणि ‘परत चला’वाल्यांना चेव चढला आहे. पण तेही तीच लबाडी करू लागलेत. परत जायचं म्हणजे कुठे? 2016 साली जे होतं तिथे जाता येणार नाही. थॅचर यांची सूट गेली. नव्या सदस्याने कधी ना कधी युरो स्वीकारायचा असतो. पासपोर्टविना सरहद्दी ओलांडण्याच्या शेंगेन व्यवस्थेतून सवलत मिळेलच याची हमी नाही. प्रवेशाला सगळ्या 27 सदस्यांचा होकार लागतो, आणि उद्या ब्रिटनमध्ये सत्तापालट झाला तर हे पुन्हा निघून जातील, ही शंका पॅरिस-बर्लिनला असणारच. चाचणीत नुसतं ‘परत जावं का’ विचारलं की बहुमत ‘हो’ म्हणतं. युरो आणि शेंगेनसकट विचारलं की होकार घसरतो. या घसरणीने परत जाण्याचे पुरस्कर्ते कावरेबावरे होतात आणि युरोचा विषय टाळतात, ‘ते नंतर बघू’ म्हणतात. मला ती घसरणच या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते. पुरा प्रश्न विचारला की माणसं वेगळं उत्तर देतात, म्हणजे ती प्रश्न वाचतात. परत जाण्याची बाजू मांडणाऱ्या पक्षाने प्रवेशाच्या अटींचा मसुदा आधी छापावा, युरोवर स्वतःची भूमिका लिहावी, आणि मग मत मागायला न्यूकॅसलच्या त्या बाईच्या दारात जावं.